वर्षाची महागाई मोजतात कशी, आणि तीन आकड्यांतला खरा कुठला?

प्रश्न थोडक्यात असा आहे की एका देशाच्या सीपीआयचे, म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांकाचे, महिन्यामहिन्याचे आकडे हातात आहेत आणि त्यावरून "वर्षाची महागाई" काढायची आहे. पण एका ठिकाणी एक टक्केवारी दिसते, दुसरीकडे दुसरी, आणि बारा महिन्यांचे दर एकाखाली एक मांडून बेरीज केली तर तिसरीच येते. यातली खरी कुठली? आणि शेवटी नेहमीचा सवाल, घरखर्च एवढा वाढलाय तर सरकारी आकडा एवढासा कसा?

माझं बरंचसं काम हे इंडेक्स बनवण्यात आणि दुसऱ्यांनी बनवलेले तपासण्यात गेलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. आधी हिशोबाचा भाग घेतो कारण तो सोपा आहे, खरी भानगड त्याच्या नंतर आहे.

समजा पहिलं पूर्ण वर्ष इंडेक्स 100 वर बसून आहे, हलतच नाही. दुसऱ्या वर्षी जानेवारीत 101, फेब्रुवारीत 102, असा दर महिन्याला एक पॉइंट चढत डिसेंबरला 112. तिसऱ्या वर्षी पुन्हा ठप्प, बाराही महिने 112. आता दुसऱ्या वर्षाची महागाई किती? डिसेंबरला डिसेंबर लावला तर 112 भागिले 100, म्हणजे 12 टक्के. वर्षाच्या सरासरीला सरासरी लावली तर दुसऱ्या वर्षाची सरासरी 106.5 आणि पहिल्याची 100, म्हणजे साडेसहा टक्के. जवळपास निम्म्याचा फरक, आणि दोन्ही आकडे बरोबर. तिसऱ्या वर्षात अजून गंमत आहे, त्या वर्षात जानेवारी ते डिसेंबर काहीही महाग झालेलं नाही, डिसेंबर ते डिसेंबर दर शून्य, पण सरासरीने काढलात तर 112 भागिले 106.5, म्हणजे 5.2 टक्के. ही महागाई मागच्या वर्षीचीच, ती वर्षभर हळूहळू चढली होती म्हणून मागच्या वर्षाच्या सरासरीत अर्धवटच मोजली गेली, उरलेली या वर्षाच्या नावावर आली. पेपरात "सरकारने महागाई शून्यावर आणली" आणि "महागाई पाच टक्क्यांच्या वर" अशी दोन भांडणारी वाक्यं एकाच वर्षाबद्दल छापून येतात ती बऱ्याचदा यातूनच.

म्हणून वापरायचा कुठला हे तुमच्या कामावर ठरतं. वर्षभर मिळालेल्या पगाराची किंवा वर्षभराच्या विक्रीची खरी किंमत काढायची असेल तर सरासरीवाला दर घ्या, कारण तो पैसा बाराही महिने थोडा थोडा आला आणि खर्च झाला. एखादा करार, भाडं, पेन्शन एका ठरलेल्या तारखेला वाढवायचं असेल तर त्याच महिन्याला मागच्या वर्षीचा तोच महिना लावा. वर्ल्ड बँकेच्या टेबलात "वार्षिक महागाई" म्हणून जो कॉलम असतो तो सरासरीचा आहे. आयएमएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या, वर्ल्ड इकॉनॉमिक आउटलुकमध्ये सरासरी आणि वर्षअखेर असे दोन्ही वेगळे दिलेले असतात, घाईत लोक एकातून काही वर्षं आणि दुसऱ्यातून काही वर्षं उचलतात आणि मग ग्राफमध्ये विचित्र उडी का दिसते म्हणून डोकं खाजवतात. त्यात पुन्हा काही देश कॅलेंडर वर्षाची सरासरी देतात, काही आर्थिक वर्षाची, तेही बघून घ्यायचं. बातम्यांत दर महिन्याला येतो तो दर म्हणजे हा महिना विरुद्ध मागच्या वर्षीचा हाच महिना, ज्याला वर्षागणिक दर म्हणतात. असे बारा दर घेऊन त्यांची सरासरी काढली तरी ती सरासरी इंडेक्सच्या दराशी तंतोतंत जुळेल असं नाही, वरच्या उदाहरणात तिसऱ्या वर्षासाठी ती 5.3 येते. फरक छोटा आहे पण कोणी दशांशावरून भांडायला आलं तर माहीत असावा.

तुमची बेरीज मात्र सोडून द्या. टक्केवाऱ्या एकावर एक चढतात, बेरजेने नाही. दर महिन्याला 1 टक्का वाढ असेल तर वर्षाला 12 नाही, 12.7 टक्के होतात. महागाई कमी असेल तेव्हा हा फरक नजरेत भरत नाही म्हणून सवय लागते, पण दर महिन्याला 10 टक्के असलेल्या देशाचं गणित करा, बेरीज सांगते 120 टक्के आणि खरं उत्तर आहे जवळपास 214 टक्के. सरळ शेवटचा इंडेक्स भागिले सुरुवातीचा इंडेक्स, वजा एक, एवढंच करायचं, महिन्याच्या दरांकडे बघायचंच नाही.

आणि हो, पॉइंट आणि टक्के एकच समजू नका. इंडेक्स 180 चा 189 झाला तर 9 पॉइंट वाढले, टक्के 5च. एकदा आधार वर्ष (ज्या वर्षाचा इंडेक्स 100 धरतात ते) जुनं झालं आणि इंडेक्स दोनशे-तीनशेच्या घरात गेला की ही गल्लत मोठी दिसायला लागते.

बेस इफेक्टबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय वर्षागणिक दर वाचता येत नाही. या दरात दोन टोकं आहेत, आजचं आणि वर्षापूर्वीचं, आणि वर्षापूर्वीचं टोक खड्ड्यात असेल तर आज काही विशेष न घडताही दर उडी मारतो. अमेरिकेत मे 2020 मध्ये वर्षागणिक दर 0.1 टक्क्यावर आला होता, लॉकडाऊनमुळे इंधनापासून विमान तिकिटांपर्यंत सगळं पडलं होतं, आणि एप्रिल 2021 ला तोच दर 4.2 झाला. त्या उडीचा एक भाग नवीन महागाईचा होता आणि एक भाग निव्वळ मागच्या खड्ड्याचा. "हे सगळं बेस इफेक्टच आहे, जाईल निघून" असं म्हणणारे खूप होते आणि मग जून 2022 ला 9.1 टक्के झाले, 1981 नंतरचे सगळ्यात जास्त. बेस इफेक्ट खरा असतो, पण त्याच्या आड किती लपवायचं ते बघणाऱ्यावर आहे. शंका आली की दोन वर्षांपूर्वीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, खड्डा वगळला जातो.

आता मूळ मुद्दा. हा इंडेक्स येतो कुठून?

आधी घरांचा खर्च पाहणी करून नोंदवतात, की लोक शंभरातले किती खाण्यावर, किती भाड्यावर, किती प्रवासावर, किती औषधांवर घालतात. त्यावरून वेट ठरतात, भारांक म्हणतात त्याला. गरीब देशात खाण्याचा भारांक चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकतो, अमेरिकेत बाहेरचं खाणं धरूनही तो पंधराच्या आत आहे. मग प्रत्येक गटातल्या ठरावीक वस्तू, ठरावीक दुकानं, ठरावीक सेवा निवडून दर महिन्याला त्यांचेच भाव घेतात. ब्रिटनमध्ये ही यादी सातशेच्या आसपास वस्तू-सेवांची आणि महिन्याला सुमारे 1 लाख 80 हजार भाव गोळा करायची अशी वर्षानुवर्षं चाललेली पद्धत आहे, आता त्यात दुकानांच्या बिलिंग मशीनचा डेटा पण शिरतोय. प्रत्येक वस्तूचा भाव किती पट झाला ते काढायचं, त्याला भारांकाने गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची. एखाद्या गटाचा भारांक 40 आणि भाव 10 टक्के वाढले तर एकूण महागाईत त्याचा वाटा 4 टक्के पॉइंटचा, आणि ज्याचा भारांक अर्धा टक्का आहे ती वस्तू दुप्पट झाली तरी वाटा अर्ध्या पॉइंटचाच. टीव्हीवर एका वस्तूचा भाव दुप्पट झाल्याचा गोंधळ चालू असतो आणि इंडेक्स हलत नाही, ते यामुळे.

जुन्या टोपलीने, म्हणजे खरेदीच्या जुन्या प्रमाणाने, मोजायचं की नव्या, हे भांडण दीडशे वर्षांचं आहे. लास्पेयर्स या अर्थतज्ज्ञाने 1871 मध्ये सुरुवातीच्या काळाचं प्रमाण धरलं, पाशे या दुसऱ्याने 1874 मध्ये चालू काळाचं. जुनं प्रमाण धरलं की महागाई साधारण जास्त येते, कारण एखादी वस्तू महागली की लोक तिची खरेदी कमी करून दुसरीकडे वळतात आणि इंडेक्सला ते कळतच नाही, तो बिचारा जुन्याच प्रमाणात महाग वस्तू विकत घेत राहतो. चालू प्रमाण धरलं तर उलट, कमी येते. नंतर फिशर या अर्थतज्ज्ञाने दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं सुचवलं आणि सिद्धांताच्या पातळीवर ते चांगलंच आहे, पण चालू महिन्यात कोणी काय घेतलं ही माहिती चालू महिन्यात हातात नसते, खर्चाची पाहणी यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक देश जुन्याच भारांकांवर चालतात, फक्त किती जुने यात फरक. ब्रिटन दरवर्षी बदलतो, अमेरिका 2023 पासून दरवर्षी बदलते, त्याआधी दोन वर्षांनी बदलायची, आणि असेही देश आहेत जिथे दहा वर्षांहून जुन्या पाहणीवर आजची महागाई निघते. कुठल्याही देशाचा आकडा हातात आला की मी सगळ्यात आधी भारांक कुठल्या वर्षाचे आहेत ते बघतो, बाकीचं नंतर. जुने भारांक म्हणजे ज्या देशात लोक आता मोबाईल डेटा आणि खाजगी शाळांवर खर्च करतायत तिथे इंडेक्स अजून लँडलाईनच्या जमान्यात.

अमेरिकेत 1996 मध्ये सीपीआय तपासायला नेमलेल्या बॉस्किन आयोगाने हिशोब मांडला की त्यांचा सीपीआय खऱ्या राहणीखर्चापेक्षा वर्षाला 1.1 टक्के पॉइंट जास्त दाखवतोय, त्यातला काही भाग या वस्तू-बदलाचा, काही नवीन वस्तू आणि क्वालिटी नीट न पकडल्याचा. त्यावर खूप वाद झाले, कारण पेन्शन आणि टॅक्सचे स्लॅब या आकड्याला बांधलेले, म्हणजे आकडा खाली आला की सरकारचा पैसा वाचतो, अशा वेळी शुद्ध गणित बोलणाऱ्याकडेही लोक संशयाने बघणार आणि बघावंच. 2002 पासून तिथे एक वेगळा चेन्ड सीपीआय पण छापतात, तो वस्तू-बदल धरतो, पण आधी तात्पुरता येतो आणि नंतर दुरुस्त होतो.

याहून खालच्या थराला एक गोष्ट आहे जी बाहेर फारशी कोणी बोलत नाही आणि माझ्या मते सगळ्यात रंजक तीच. एकाच वस्तूचे दहा दुकानांतले भाव आले, त्यांचा एक आकडा कसा करायचा? साधी सरासरी, अजून काय, असं वाटेल. करून बघा. दोन दुकानं, दोन्हीकडे भाव 100. पुढच्या महिन्यात पहिल्याकडे 200, दुसऱ्याकडे 50. एक दुप्पट झाला, एक निम्मा. पटींची सरासरी काढली तर 2 आणि अर्धा मिळून अडीच, भागिले दोन, सव्वा, म्हणजे 25 टक्के महागाई. त्याच्या पुढच्या महिन्यात दोन्ही परत 100 वर आले, आता पहिला निम्मा झाला आणि दुसरा दुप्पट, पुन्हा पटींची सरासरी सव्वा. दोन महिने जोडले तर सव्वा गुणिले सव्वा, 56 टक्के महागाई, आणि भाव बघाल तर जिथे सुरुवात केली तिथेच आहेत! या पद्धतीला कार्लीची पद्धत म्हणतात, 1764 ची आहे. त्याऐवजी पटींचा गुणाकार करून वर्गमूळ घेतलं, म्हणजे जेव्हन्सची पद्धत, तर दोन गुणिले अर्धा बरोबर एक, महागाई शून्य, आणि परत आल्यावरही शून्य. ब्रिटनच्या जुन्या आरपीआय (किरकोळ किंमत) इंडेक्समध्ये कार्ली होती म्हणून तो नवीन सीपीआयपेक्षा बहुतेक वेळा वर राहायचा, 2013 मध्ये त्याचा अधिकृत राष्ट्रीय आकडेवारीचा दर्जा काढून घेतला, पण सरकारी रोखे आणि करार त्यालाच बांधलेले असल्यामुळे छापणं बंद करता आलं नाही, 2030 मध्ये तो वेगळ्या पद्धतीत विलीन करायचं ठरलंय. एका सरासरीच्या फॉर्म्युलामुळे रोखे घेणारे, पेन्शनर आणि सरकार यांच्यात अब्जावधींची उलथापालथ. अमेरिकेने बऱ्याचशा वस्तूंसाठी जानेवारी 1999 लाच गुणाकाराची पद्धत घेतली.

क्वालिटीचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं पण ते अर्धवटच माहीत असतं. पाकीट 500 ग्रॅमचं 450 ग्रॅम झालं आणि छापील किंमत तीच राहिली, तर इंडेक्समध्ये ती 11.1 टक्के वाढ म्हणून जायला हवी आणि नीट काम करणाऱ्या आकडेवारीच्या कचेऱ्यांत जातेच, कारण भाव घेणारा माणूस वजन पण लिहून घेतो. तो भाग सोपा. अवघड तेव्हा होतं जेव्हा जुनं मॉडेल बाजारातून गायबच होतं आणि नवीन येतं ते वीस टक्के महाग पण कॅमेरा बरा, मेमरी दुप्पट, बॅटरी मात्र काढता येत नाही. यातलं किती महागाई आणि किती चांगल्या मालाची किंमत? एक मार्ग म्हणजे दोन्ही मॉडेल एकाच महिन्यात विकली जात असताना त्यांच्या भावातला फरक हाच क्वालिटीचा फरक मानायचा. दुसरा हेडोनिक, म्हणजे शेकडो मॉडेल्सचे भाव आणि त्यांची वैशिष्ट्यं घेऊन मेमरीची किंमत किती, स्क्रीनची किती असं आकडेशास्त्राने काढायचं. तिसरा आळशी मार्ग, दोघांना एकच समजून पूर्ण फरक महागाईत टाकणं. चौथा त्याहून आळशी, पूर्ण फरक क्वालिटीत टाकणं, म्हणजे महागाई शून्य. हेडोनिकवर लोक चिडतात, "फोन तर महागच झालाय की, तुम्ही स्वस्त कसा दाखवता", आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण स्वस्तातलं जुनं मॉडेल बाजारात मिळतच नसेल तर मला नको असलेल्या मेमरीचे पैसे मला भरावेच लागतात. इंडेक्स मोजतो तो तेवढ्याच दर्जाच्या वस्तूचा भाव. खिशातून गेलेली रक्कम हा वेगळा आकडा आहे.

आता घर. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचा राहण्याचा खर्च किती धरायचा यावर जगात एकमत नाही आणि होण्याची लक्षणंही नाहीत. घर विकत घेणं ही गुंतवणूक, म्हणून घराच्या किमती सरळ सीपीआयमध्ये येत नाहीत, पण त्या घरात राहण्याचा उपभोग तर होतोच. अमेरिकेत 1983 पासून "हेच घर भाड्याने घेतलं असतं तर किती भाडं पडलं असतं" असं धरतात, आणि हा एक काल्पनिक भाड्याचा आयटम त्यांच्या टोपलीत जवळपास चौथा हिस्सा आहे. युरो देशांच्या सामाईक इंडेक्समध्ये घरमालकाचा हा खर्च धरलेलाच नाही, 2021 मध्ये युरोपियन सेंट्रल बँकेने तो धरावा असं मत दिलं पण मोजणं किचकट असल्यामुळे रखडलंय. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड नवीन घर बांधण्याचा खर्च घेतात, जमीन वगळून. ब्रिटनच्या त्या आरपीआयमध्ये तर गृहकर्जाचं व्याजच आहे, म्हणजे महागाई रोखायला बँकेने व्याजदर वाढवला की इंडेक्समधली महागाई आधी वाढते. दोन देशांची महागाई शेजारी ठेवून "हे बघा, आपल्यापेक्षा त्यांचं बरं चाललंय" म्हणणाऱ्याने एवढं एक तरी तपासावं.

शेअर, सोनं, जमीन यांचे भाव इंडेक्सबाहेर. इन्कम टॅक्स पण बाहेर, मात्र वस्तूवरचे कर भावातच असल्यामुळे आत. औषधोपचार, शिक्षण यांत घरातून जेवढे पैसे जातात तेवढेच धरतात, सरकारने परस्पर भरलेले धरत नाहीत.

मग घरचा अनुभव का जुळत नाही. याचं पहिलं कारण भारांक काढण्याच्या पद्धतीत आहे. देशातल्या सगळ्या घरांचा खर्च एकत्र करून प्रमाण काढतात, त्यामुळे जो जास्त खर्च करतो त्याच्या सवयींचं वजन जास्त पडतं. माणशी एक मत नाही, खर्चाला मत. खाणं आणि इंधन महागलं की कमी उत्पन्नाच्या घराला देशाच्या सरासरीपेक्षा जास्त झळ बसते, आणि विमान प्रवास, हॉटेलं महागली तर उलट. काही देश म्हातारे लोक, नोकरदार, ग्रामीण-शहरी असे वेगळे इंडेक्स काढतात ते यासाठीच. दुसरं कारण आपल्या डोक्यात आहे, जे रोज विकत घेतो त्याचे भाव आठवतात, जे तीन वर्षांतून एकदा घेतो त्याचे नाही, आणि स्वस्त झालेलं तर कोणीच लक्षात ठेवत नाही. तिसरं, आपण तुलना करतो ती चार-पाच वर्षांपूर्वीच्या भावाशी आणि आकडा असतो एका वर्षाचा. वर्षाला 6 टक्के पाच वर्षं चालले तर भाव 34 टक्के वर जातात, आणि सहाव्या वर्षी दर 2 वर आला तरी ते 34 कुठे जात नाहीत, त्याच्यावर अजून दोन चढतात. महागाई कमी झाली म्हणजे भाव उतरले असं ज्याला वाटतं त्याला सरकारी आकडा खोटाच वाटणार.

चौथं कारण असं की खर्च वाढणं आणि भाव वाढणं वेगळं. मूल कॉलेजात गेलं, घर मोठं घेतलं, बाहेरचं खाणं वाढलं, हे सगळं खर्चात दिसतं आणि इंडेक्समध्ये दिसू नये. स्वतःची महागाई काढायची असेल तर सरकारी गटवार इंडेक्स घ्या आणि भारांक तुमच्या घरखर्चाचे लावा, भाव स्वतः गोळा करायची गरज नाही. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे आणि उत्तर बहुतेकांच्या अंदाजापेक्षा सरकारी आकड्याच्या जास्त जवळ निघतं, पण भाड्याने राहणारा आणि ज्याच्या घरात कायमचं आजारपण आहे त्याचं खरंच लांब जातं.

खोटे आकडे नसतातच असं मात्र मी म्हणणार नाही. अर्जेंटिनात 2007 मध्ये सरकारने आकडेवारीच्या संस्थेत हस्तक्षेप केला, त्यानंतर काही वर्षं अधिकृत महागाई आणि बाहेरच्यांचे अंदाज यांत दुपटीहून जास्त अंतर होतं, स्वतःचे आकडे छापणाऱ्या अर्थतज्ज्ञांना दंडही केले. अर्थतज्ज्ञ आल्बेर्तो कावालो यांनी सुपरमार्केटच्या वेबसाइटवरून रोजचे भाव उचलून इंडेक्स बनवला आणि तो खाजगी अंदाजांच्या बाजूने गेला, त्यातूनच पुढे ऑनलाइन भावांवरून महागाई मोजणारा बिलियन प्राइसेस प्रोजेक्ट उभा राहिला. फेब्रुवारी 2013 मध्ये आयएमएफने अर्जेंटिनाला यावरून अधिकृत ठपका दिला, तो 2016 मध्ये उठवला. या प्रकरणातून शिकण्यासारखं असं की खोटेपणा पकडायला आतली कागदपत्रं लागत नाहीत. गटवार आकडे छापणं अचानक बंद झालं, भाव किती ठिकाणचे घेतले ते सांगायचं थांबवलं, पगारवाढी, चलनाचा दर आणि व्याजदर एक गोष्ट सांगतायत आणि इंडेक्स भलतीच, असं दिसलं की कान टवकारायचे.

आणि प्रामाणिक कचेरीचाही डेटा अडतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकानंच बंद, तेव्हा फोनवरून, ऑनलाइन भाव घेतले आणि जे मिळालेच नाहीत ते जवळच्या वस्तूंच्या चालीवरून अंदाजाने भरले. अमेरिकेत ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारी कामकाज ठप्प झालं आणि त्या महिन्याचा पूर्ण इंडेक्स निघालाच नाही, गेलेल्या महिन्याचे भाव नंतर जाऊन गोळा करता येत नाहीत. नोव्हेंबरचा आकडा आला तेव्हा महिन्याचा दर देता आला नाही पण वर्षागणिक दर देता आला, कारण त्याला नोव्हेंबर 2024 आणि नोव्हेंबर 2025 एवढीच दोन टोकं लागतात. पण त्या वर्षाची सरासरी काढणाऱ्याच्या हातात अकराच महिने राहिले.

तुमच्या कामासाठी आता. सीझनल अॅडजस्टमेंट केलेली (हंगामी चढउतार काढून टाकलेली) आणि न केलेली अशा दोन मालिका असतील तर वर्षागणिक दरासाठी न केलेली घ्या, तोच महिना त्याच महिन्याशी लावल्यावर हंगामाचा परिणाम आपोआप बराचसा जातो (सण वेगळ्या महिन्यात सरकला तर जात नाही), आणि केलेली मालिका मागे जाऊन दुरुस्त होत राहते. करारात तर कधीच केलेली लिहू नका. कोअर महागाई, म्हणजे अन्न आणि इंधन वगळून, ती कल कुठे चाललाय ते बघायला ठीक, पगारवाढ मागायला नाही, कारण पोटाला अन्न वगळता येत नाही.

पगाराचा हिशोब करताना 8 टक्के वाढ वजा 6 टक्के महागाई बरोबर 2 असं करू नका, 1.08 भागिले 1.06 करा, 1.9 येईल. कमी दरात चालून जातं, पण 60 आणि 50 असतील तर वजाबाकी 10 सांगते आणि खरं उत्तर 6.7 आहे.

आणि तुमच्या डेटात मधेच आधार वर्ष बदललेलं असेल, इंडेक्स एकदम 250 च्या घरातून 100 वर पडलेला दिसत असेल, तर तिथे घाबरू नका आणि त्या दोन आकड्यांचा भागाकार तर अजिबात करू नका. जुनी आणि नवी मालिका ज्या महिन्यात दोन्ही उपलब्ध आहेत तो महिना शोधा. तिथे जुनी 250 आणि नवी 100 असेल तर जोडगुणक अडीच, नव्या मालिकेच्या पुढच्या प्रत्येक आकड्याला अडीचने गुणायचं. कचेरीने स्वतःचा जोडगुणक छापला असेल तर तोच घ्या, बहुतेक वेळा तो एका महिन्याऐवजी पूर्ण वर्षाच्या सरासरीवरून काढलेला असतो. जोड दिल्यावर एकूण इंडेक्स आणि गटवार इंडेक्स यांची बेरीज जुळणार नाही, ती जुळवायच्या फंदात पडू नका. आणि भागाकार नेहमी छापलेल्या इंडेक्सवरून करून टक्केवारी एका दशांशापर्यंतच लिहा, इंडेक्सच मुळात एका दशांशाने छापला असेल तर 4.37 टक्के लिहिण्यातल्या त्या शेवटच्या साताला काही अर्थ उरत नाही.